चित्रें पाहिलीं कोणीं?

आमच्याकडे जिल्ह्याजिल्ह्याच्या ठिकाणीं हल्लीं चित्रांचीं प्रदर्शनें वरचेवर भरूं लागलीं आहेत, ही गोष्ट निःसंशय आनंदाची आहे. एका काळीं मुंबईस किंवा पुण्यास गेल्यावांचून चांगलें चित्र दृष्टीस पडत नसे. आतां गांवच्या नाट्यगृहाच्या दालनांत, वाचनालयाच्या माडीवर किंवा नगरपालिकेच्या सभागृहांत गांवचाच चित्रकार आपलीं वीसपंचवीस चित्रें मांडतो आणि तीन दिवस दारें उघडीं ठेवतो. परंतु या प्रदर्शनांचा जो वृत्तांत दुसऱ्या दिवशीं छापून येतो, तो वाचून आम्हांस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो. दीपप्रज्वलन कोणीं केलें, व्यासपीठावर कोण कोण बसले होते, प्रास्ताविक कोणाचें झालें आणि आभार कोणीं मानले, हें सर्व त्यांत यथासांग असतें. चित्रकारानें गांवाचें नांव उज्ज्वल केलें, असे पाहुण्यांचे उद्गारहि असतात. पण त्या चित्रांत काय होतें, तीं चांगलीं होतीं कीं वाईट, चांगलीं असल्यास कोणत्या गुणामुळें आणि वाईट असल्यास नेमकीं कोठें, याविषयीं त्यांत अवाक्षर नसतें. हार घालणारे मोजले गेले, खुर्च्या मोजल्या गेल्या. मग चित्रें पाहिलीं कोणीं?

प्रदर्शनाच्या दाराशीं टेबलावर अभिप्रायाची एक वही ठेवलेली असते. कोणत्याहि गांवीं ती उघडून पाहावी. "अप्रतिम", "अतिसुंदर", "पुढील वाटचालीस शुभेच्छा", या तीन वाक्यांखेरीज चौथें वाक्य सांपडलें तर नशीब म्हणावें. वहीवर सही करणारे हे गृहस्थ कांहीं अजाण नसतात. सोलापुरी चादर विकत घेतांना हेच गृहस्थ तिचें पोत बोटांनीं चाचपून पाहतात, दुकानाबाहेर उन्हांत नेऊन तिचा रंग पारखतात आणि विणींत एक दोरा सुटलेला दिसला तर दुकानदारास तो दाखवितात. तेंच गृहस्थ वीस चित्रांपुढून पांच मिनिटांत फिरून येतात आणि वहींत "अप्रतिम" लिहून चहाकडे वळतात. चादरीला जी नजर मिळते, ती चित्राला मिळत नाहीं. आमचें आजचें म्हणणें या एका गोष्टीभोवतीं आहे.

यावर एक उत्तर ठरलेलें आहे. "गांवचा होतकरू माणूस, पदरचे पैसे घालून प्रदर्शन भरवितो, त्याला उत्तेजन द्यावयाचें सोडून टीका कशाला?" उत्तर सद्भावनेचें आहे, हें आम्हांस मान्य आहे, परंतु तें हिताचें नाहीं. प्रदर्शन म्हणजे काय याचा थोडा विचार करावा. चित्रकार एरवीं आपल्या खोलींत चित्रें काढीतच असतो. तीं लोकांपुढें मांडण्याचें त्याला दुसरें कांहीं कारण नसतें. सभागृहाचें भाडें, चौकटींचा व कांचेचा खर्च, निमंत्रणपत्रिकांची छपाई, चित्रें नेण्याआणण्याची हमाली, हें सारें तो सोसतो तें पाहणाऱ्याच्या डोळ्याला आपलें काम कसें दिसतें हें कळावें म्हणून. अशा माणसाला तीन दिवसांच्या अखेरीस काय मिळतें? कोमेजलेले दोन हार, एक शाल, एक श्रीफळ आणि एकाच शब्दानें भरलेली वही. त्याच्या पंचवीस चित्रांतील कोणतीं तीन खरोखर साधलीं आणि कोणतीं बावीस फसलीं, हें त्याला कोणीं सांगितलें नाहीं. पुढल्या वर्षीं तो पुन्हां तींच बावीस काढील, आणि आपण पुन्हां तोच हार घालूं. याला उत्तेजन म्हणावयाचें असेल तर खड्ड्याकडे चाललेल्या माणसाच्या पाठीवर शाबासकी देण्यासहि उत्तेजनच म्हणावें लागेल.

महाराष्ट्राला टीका करतां येत नाहीं, असें मात्र कोणीं म्हणूं नये. गाण्याच्या बैठकींत गायक समेला चुकला तर मागच्या रांगेंतला माणूसहि मान हलवावयाची थांबतो. नाटक पाहून परततांना नटाचा कोणता प्रवेश रंगला आणि कोणता पडला यावर वाटभर वाद होतो, आणि तो वाद करणारांत किराणा दुकानदारापासून वकिलापर्यंत सर्व असतात. कीर्तनकाराचा पूर्वरंग लांबला तर गांवांतील म्हातारी त्याला तोंडावर सांगते. कानाच्या बाबतींत आम्ही इतके चोखंदळ आहों. डोळ्याच्या बाबतींतच आम्हांस ही भिडस्त मुकेपणा कोठून आला? याचें कारण आमच्या मतें असें कीं, गाणें शिकावें लागतें हें आम्हीं मान्य केलें आहे, पण पाहणेंहि शिकावें लागतें हें अजून मान्य केलेलें नाहीं. डोळे असले म्हणजे दिसतें, अशी आमची समजूत आहे. या समजुतीमुळें आमच्याजवळ एकच माप उरतें, तें "हुबेहूब"चें. द्राक्षाचा घड खरा वाटला, म्हातारीच्या सुरकुत्या मोजतां आल्या, पितळी घागरीवरचा उजेड चकाकला, कीं चित्र उत्तम. आणि जेथें हें माप लागू पडत नाहीं, तेथें "आम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं" असें म्हणून मोकळें व्हावयाचें.

उपदेश करणारानें आधीं स्वतः करून दाखवावें, या न्यायानें आम्ही येथें थोडें परीक्षणच करतों. कोणा एका चित्रकाराचें नांव घेण्याचें कारण नाहीं, कारण आम्ही म्हणतों तो दोष एकट्यादुकट्याचा नाहीं. हल्लींच्या बहुसंख्य स्थानिक प्रदर्शनांत काय आढळतें तें पाहा. काशीचे घाट आणि त्यावरील छत्र्या, जुन्या वाड्याचा कडीकोयंडा लावलेला दरवाजा, वारकऱ्याचा सुरकुतलेला चेहरा, धांवणारे घोडे, डोळे मिटलेला बुद्ध, आणि नाना आकारांचा गणपति. यांतील एकहि विषय वाईट नाहीं. विषयानें चित्र वाईट होत नसतें. दोष असा कीं, ज्यानें घाट रंगविला तो पुष्कळदां घाटावर बसलेला नसतो. त्यानें घाटाचें छायाचित्र पाहिलेलें असतें. छायाचित्रांत सांवली जेथें काळी पडते, तेथें चित्रांतहि ती नुसती काळी पडते; प्रत्यक्ष बसून पाहणाराला त्या सांवलींत जो निळा, जांभळा, मातकट रंग दिसला असता, तो तेथें नसतो. वारकऱ्याच्या चेहऱ्यावरील प्रत्येक सुरकुती काढलेली असते, पण मान खांद्यांत बसलेली नसते, कारण सुरकुती छायाचित्रांत दिसते आणि मानेचा भार माणूस समोर बसल्याखेरीज कळत नाहीं. वाड्याच्या दरवाजाचें लांकूड, भिंतीची माती आणि दाराशीं बसलेल्या बाईचें लुगडें, या तिहींवर कुंचला एकाच रीतीनें फिरलेला असतो. म्हणून तिन्ही वस्तु एकाच द्रव्याच्या वाटतात.

दुसरा दोष याहून मोठा. या चित्रांत चित्रकाराचा स्वतःचा गांव कोठेंच नसतो. ज्याच्या गांवांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रभर चालतो तो काशी रंगवितो. ज्याच्या दारावरून उसाच्या गाड्या आणि ऊसतोडीचीं बिऱ्हाडें जातात तो धांवणारे घोडे रंगवितो. एस्. टी.चा थांबा, उन्हाळ्यांत पाण्याच्या टँकरपुढें लागलेली घागरींची रांग, अर्धवट बांधलेल्या इमारतीवर वाळत घातलेलीं लुगडीं, हें त्याला रोज दिसतें. पण तें चित्राचा विषय होऊं शकतें असें त्याला कोणीं सांगितलेलें नाहीं. तें होऊं शकतें याचा पुरावा दूर नाहीं. डॉ. सुधीर पटवर्धन यांनीं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून ठाण्यांत व्यवसाय करीत असतां लोकलमधील गर्दी, कामगार, उपाहारगृहांत बसलेला एकटा माणूस आणि वाढत्या उपनगराच्या इमारती हेच विषय आयुष्यभर रंगविले, आणि त्या कामानें मराठी शहराला पहिल्यानेंच आपलें तोंड आरशांत दिसलें. काशीला जाण्यापूर्वीं आपल्या गल्लीकडे एकवार पाहा, एवढें तरी परीक्षणानें सांगावयास नको काय?

आतां कोणी म्हणेल, "तुमचें परीक्षण चुकीचें असलें तर?" असूं द्यावें. चुकीचें परीक्षणहि उपयोगी पडतें. अट इतकीच कीं, त्यानें चित्राकडे बोट दाखविलें पाहिजे. राजा रविवर्मा यांचें उदाहरण घ्यावें. त्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला, पुढें तो लोणावळ्यानजीक मळवलीस गेला, आणि त्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आमच्या घराघराच्या भिंतींवर गेल्या. त्या चित्रांचें कौतुक इतकें झालें कीं, त्याविरुद्ध बोलणें हें जवळजवळ पाखंड होतें. रविवर्मा १९०६ सालीं निवर्तले, आणि १९०७ सालीं भगिनी निवेदिता यांनीं त्यांच्या प्रसिद्ध शकुंतलेवर कठोर टीका केली. कमलपत्रावर पत्र लिहिणारी ही नायिका जमिनीवर आडवी पसरलेली दाखविणें अशोभन आहे, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप आम्हांस स्वतःस पटत नाहीं. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकांत कालिदासानेंच तिला शिलातलावरील पुष्पशय्येवर निजविलेलें आहे. विरहानें पोळलेल्या मुलीनें पाट मांडून ताठ बसून पत्र लिहावें, अशी अपेक्षा कवीची तरी नव्हती. पण हें उत्तर आम्हांस देतां आलें तें कशामुळें? आक्षेपकर्त्रीनें चित्रांतील एका आकृतीकडे, तिच्या एका ढबीकडे बोट दाखविलें म्हणून. तिनें "भिकार" एवढेंच म्हटलें असतें, किंवा आमच्याप्रमाणें "अप्रतिम" म्हटलें असतें, तर वादाला जागाच उरली नसती. बोट दाखविणाऱ्या टीकेला उत्तर देतां येतें, आणि उत्तर देतांना उत्तर देणाराला चित्र पुन्हां पाहावें लागतें. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तें चित्र त्या आक्षेपामुळें आपण अधिक निरखून पाहतों, यांतच टीकेचें सार्थक आहे.

हा मुकेपणा केवळ चित्रकाराचें नुकसान करून थांबत नाहीं. जेथें समाज चित्राविषयीं बोलत नाहीं, तेथें त्याच्या वतीनें दुसरा कोणी तरी बोलतो, आणि तो बोलतो तेव्हां शब्दानें बोलत नाहीं. मुंबईंतील जहांगीर कलादालन १९५२ सालीं उघडलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९५४ सालीं, अकबर पदमसी या पॅरिसहून आलेल्या तरुण चित्रकारानें तेथें आपलें प्रदर्शन मांडलें. त्यांत प्रेमी युगुलाचीं दोन चित्रें होतीं. विवस्त्र स्त्रीपुरुष आणि स्त्रीच्या वक्षावर पुरुषाचा हात, असा त्यांचा विषय. हीं चित्रें उतरवा, असें पोलिसांनीं सांगितलें. चित्रकारानें नकार दिला. दंडसंहितेच्या २९२ व्या कलमान्वयें त्याच्यावर खटला झाला आणि न्यायालयानें त्याला निर्दोष सोडलें. सत्याचा जय झाला म्हणून आपण हा प्रसंग अभिमानानें सांगतों; पण त्यांत दुःखाची एक बाजू आहे ती विसरतों. हीं चित्रें चांगलीं होतीं कीं नव्हतीं, त्या दोन आकृतींत प्रेम होतें कीं नुसती देहांची मांडणी होती, पुरुषाचा तो हात चित्राच्या रचनेला आवश्यक होता कीं नाहीं, हे प्रश्न प्रेक्षकांनीं आपसांत विचारावयाचे होते. ते प्रश्न बाजूला राहिले आणि एकच प्रश्न उरला: गुन्हा कीं नाहीं? चित्राची परीक्षा करण्याचें काम आरोपीच्या पिंजऱ्याकडे गेलें म्हणजे निकाल कोणताहि लागो, पाहण्याचें काम राहूनच जातें.

आणि ही गोष्ट जुनी झाली असें समजूं नये. त्याच पदमसींच्या आणि गोव्याचे सुपुत्र फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या मिळून सात कलाकृति परदेशांतून मुंबईंत आल्या असतां सीमाशुल्क खात्यानें २०२३ सालीं त्या अडवून ठेवल्या, आणि अश्लील म्हणून जुलै २०२४ मध्यें त्या जप्त करण्याचा हुकूम काढला. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें तो हुकूम रद्द केला. नग्नता आणि अश्लीलता या एक नव्हेत, हें न्यायालयास पुन्हां एकवार सांगावें लागलें. १९५४ पासून २०२४ पर्यंत सत्तर वर्षें होतात. तोच चित्रकार, तेंच शहर, तोच आरोप! तोंपर्यंत सोझा आणि पदमसी दोघेहि कालवश झाले होते. सत्तर वर्षांत आमच्या शाळांनीं, सभांनीं आणि वृत्तपत्रांनीं चित्राविषयीं बोलण्याची संवय समाजाला लाविली असती, तर एका अधिकाऱ्याला हा हुकूम काढतांना निदान दहा माणसांस विचारावेंसें वाटलें असतें.

सरकारच तेवढें आंधळें आणि समाज डोळस, असाहि प्रकार नाहीं. गोव्यांतील सांत इस्तेव येथें १९०२ सालीं जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्यापाशीं शिकले. ख्रिस्ताची माता त्यांनीं साडींत रंगविली, तिच्याभोवतीं आपल्या मातींतील माणसें बसविलीं. मेरी ही पॅलेस्टाइनची. तिला इटालियन चित्रकारांनीं इटालियन बाईचा वेष दिला तो गोव्याच्या देवळांत पिढ्यान् पिढ्या पूज्य ठरला होता. परंतु गोव्याच्या माणसानें तिला गोव्याच्या शेजारणीचा वेष दिला, तेव्हां त्या काळच्या तेथील धर्माधिकाऱ्यांस आणि प्रतिष्ठितांस तो खपला नाहीं. फोन्सेकांस गोवा सोडावा लागला. पुण्यानजीकच्या एका ख्रिस्ती आश्रमाच्या आश्रयानें त्यांनीं पुढलें काम केलें आणि १९६७ सालीं पुण्यांतच त्यांचा अंत झाला. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यांत पर्वरी येथील संशोधनकेंद्रांत मानानें ठेवलेला आहे. माणूस हाकलला आणि चित्रें परत आणलीं, असा हा व्यवहार झाला. त्यांच्या रेषेंत काय बळ होतें, त्यांच्या रंगांत बंगालच्या शाळेचें अनुकरण किती आणि स्वतःचें किती, याची चर्चा ते हयात असतां आणि गोव्यांत असतां झाली असती, तर टीका कितीहि कडक असती तरी ती त्यांना हद्दपारीपेक्षां गोड लागली असती.

टीकेची भीति केवळ खालच्या थरांत आहे, असेंहि नाहीं. प्रभाकर बरवे हे अगदीं आमचे चित्रकार. रायगड जिल्ह्यांतील नागांवचे, आणि 'कोरा कॅनव्हास' हें पुस्तक मराठींत लिहून चित्र कसें सुचतें व कसें घडतें हें सामान्य वाचकास समजावून देणारे. त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन फेब्रुवारी २०१९ मध्यें मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनांत भरलें. उद्घाटनप्रसंगीं श्री. अमोल पालेकर यांनीं दालनाच्या सल्लागार समित्यांसंबंधींच्या सरकारी निर्णयावर टीका करण्यास आरंभ करतांच, बरव्यांविषयींच बोला, असें म्हणून त्यांना मध्येंच अडविण्यांत आलें. कोणत्या चित्रकाराचें काम दालनांत लागावें हें कोणीं ठरवावयाचें, हा प्रश्न प्रदर्शनाच्या दिवशीं विचारावयाचा नाहीं, तर कोणत्या दिवशीं विचारावयाचा? प्रदर्शनाचा दिवस हा केवळ गोड बोलण्याचा दिवस, ही समजूत गांवच्या सभागृहापासून राष्ट्राच्या दालनापर्यंत एकच आहे, हें यावरून दिसतें.

उलट बाजूनें, एक पाहणारा माणूस काय करूं शकतो हेंहि याच मुंबईनें पाहिलें आहे. कृष्णाजी हौळाजी आरा हे लहानपणीं हैदराबादेकडून पळून मुंबईस आले. मोटारी धुवून आणि घरकाम करून ते पोट भरीत. फावल्या वेळीं ते चित्रें काढीत. जर्मनींतून मुंबईस आलेले आणि इंग्रजी वृत्तपत्रांत चित्रांवर लिहिणारे रुडॉल्फ फॉन लायडन यांनीं तीं पाहिलीं. पाहिलीं म्हणजे त्यांवर लिहिलें, बोलले, चुका दाखविल्या, पुढें जा म्हणाले. हेच आरा १९४७ सालीं स्थापन झालेल्या प्रागतिक कलावंतांच्या मंडळांत सोझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्या मांडीला मांडी लावून बसले. त्या मंडळांतील हरि अंबादास गाडे आमच्या अमरावतीकडचे. पण आज अमरावतीच्या किती शाळांत त्यांचें नांव माहीत आहे? मराठींत चित्रावर लिहिणारे झालेच नाहींत असें नाहीं. महादेव विश्वनाथ धुरंधरांनीं १९४० सालीं आपल्या कलाशाळेंतील एकेचाळीस वर्षांच्या आठवणी लिहून ठेवल्या, द. ग. गोडसे यांनीं 'पोत' लिहिलें. बरव्यांचा उल्लेख वर केलाच आहे. परंतु हीं पुस्तकें कपाटांत राहिलीं, आणि रोजच्या कागदांत, जेथें सामान्य माणसाची नजर तयार होते, तेथें दीपप्रज्वलनाचा वृत्तांतच राहिला.

तेव्हां करावयाचें काय? आमच्या सूचना साध्या आहेत आणि त्यांस फारसा पैसा लागत नाहीं. पहिली सूचना वृत्तपत्रांस. प्रदर्शन चालूं असतांनाच, संपल्यावर नव्हे, त्यावर एक सहीनिशीं परीक्षण छापावें. लिहिणारा पंडितच पाहिजे असें नाहीं. गांवच्या शाळेंतील चित्रकलेचा शिक्षक, रंगाऱ्याच्या कामाची जाण असलेला कारागीर, किंवा नुसता डोळस वाचक चालेल. त्याला एकच नियम घालून द्यावा: तीन चित्रांपुढें प्रत्येकीं दहा मिनिटें उभें राहिल्यावांचून लेखणी उचलावयाची नाहीं. नजर आधीं कोठें जाते आणि मग कोठें ओढली जाते, कोणता रंग दुसऱ्याला मारतो, कोठें चित्रकाराचा हात आत्मविश्वासानें चालला आणि कोठें तो चाचपडला, हें त्यानें त्या त्या चित्राचें नांव घेऊन लिहावें. विशेषणें कमी वापरावीं.

दुसरी सूचना चित्रकारांस. टीका ऐकण्याची तयारी नसेल तर प्रदर्शन मांडूं नये. परीक्षकाला घरीं जाऊन जाब विचारणें किंवा त्याच्याशीं बोलणें सोडणें हें कलावंताला शोभत नाहीं. उत्तर द्यावयाचें असेल तर लिहून द्यावें, आणि तें छापणें वृत्तपत्राचें कर्तव्य समजावें. चित्राशेजारीं कागदावर आत्म्याच्या प्रवासाचीं दोन पानें लिहिण्याऐवजीं चित्राचें नांव, साल, माध्यम आणि किंमत एवढें स्वच्छ मराठींत लिहावें. छायाचित्रावरून काढलें असेल तर तसें सांगावें. शक्य असल्यास शेवटल्या दिवशीं संध्याकाळीं तासभर स्वतः उभें राहून लोकांचे प्रश्न घ्यावे.

तिसरी सूचना नगरपालिका आणि शाळा यांस. सभागृहाचें भाडें चित्रप्रदर्शनापुरतें माफ करावें, आणि त्या बदल्यांत एकच अट घालावी कीं, एक दिवस शाळांच्या मुलांसाठीं राखून ठेवावा. लहान गांवांत हें शक्य नाहीं असें म्हणणारांनीं सातारा जिल्ह्यांतील औंध पाहून यावें. तेथील अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं चित्रशाळा उभारली. तींत रविवर्म्यांचीं चित्रें आहेत, धुरंधरांचीं आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें मातापुत्राचें दगडी शिल्पहि आहे. एका छोट्या संस्थानाला जें जमलें, तें आज सधन तालुक्यांच्या गांवांस जमूं नये काय?

चौथी आणि शेवटची सूचना सर्वांसच. एखादें चित्र आपणांस आवडलें नाहीं, आपल्या श्रद्धेला तें बोचलें, तर त्याविरुद्ध बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो हक्क चित्रकारानेंहि मान्य केला पाहिजे. परंतु तो बजावण्याचें साधन शब्द हें आहे. अभिप्रायाच्या वहींत "अप्रतिम" ऐवजीं एक खरें वाक्य लिहावें: "सातव्या चित्रांतील बाईचा हात मला खोटा वाटला." तेवढ्या एका वाक्यावर चित्रकार रात्रभर विचार करील, तो हात पुन्हां काढून पाहील, आणि लिहिणारालाहि पुढल्या वेळीं हाताकडे पाहण्याची संवय लागेल. जो समाज असें लिहूं शकतो, त्याला दालनावर मोर्चा नेण्याची गरज पडत नाहीं, आणि त्याच्या नांवानें चित्रें उतरविण्याचें धाडस कोणा अधिकाऱ्यासहि होत नाहीं.

आंधळी स्तुति आणि आंधळा राग यांत लोक समजतात तितकें अंतर नाहीं. दोघांनींहि चित्र पाहिलेलें नसतें. एक हार घेऊन येतो, दुसरा दगड घेऊन येतो. चित्रकाराला हवा असतो तो दोन्ही हात रिकामे ठेवून क्षणभर थांबणारा माणूस. असा माणूस आमच्या गांवोगांवीं आहे. वृत्तपत्रांनीं, शाळांनीं आणि नगरपालिकांनीं त्याला बोलतें करावयाचें, एवढेंच काम उरलें आहे. येत्या हिंवाळ्यांत प्रदर्शनांचा हंगाम पुन्हां सुरू होईल. त्या वेळीं आपापल्या गांवच्या वृत्तांतांत पाहुण्यांचीं नांवें दोन कमी आलीं तरी चालतील, पण निदान एका चित्राचें नांव येऊं द्यावें.